मधली पट्टी

आमचा रस्ता दोन प्रभागांत वाटलेला आहे. आमच्या बाजूची घरं एका प्रभागात, समोरची दुसऱ्या. हद्द कुठे, तर रस्त्याच्या मधोमध. नगरपालिकेच्या नकाशावर तशी रेघ आहे म्हणतात. मला या रेघेचा पत्ता नव्हता, आणि असायचं काही कारणही नव्हतं. समोर माझी थोरली बहीण राहते. मला वाटलं की मी रस्ता ओलांडून तिच्याकडे जायचो, तिला वाटलं की ती काठी टेकत येऊन माझ्या पायरीवर बसायची. रेघ कधी कुणाच्या पायाला लागली नाही.

अक्का शाळेत आया होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, तेव्हापासून त्या एका खोलीत ती एकटी. मी लाकडाच्या वखारीत जन्म काढला. मला वाचायला तिनंच शिकवलं, तेही माझे केस पिकायला लागल्यावर. वखारीतून आलो की मला दारात बसवायची, हातात वर्तमानपत्र द्यायची आणि म्हणायची, "हं, लाग वाचायला." अडलो की डोक्यात टपली. आता तिच्या डोळ्यांपुढे धुकं असतं. माणूस ओळखू येतो, अक्षर दिसत नाही. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणून रोज सकाळी चहा झाला की मी पेपर घेऊन तिच्याकडे जायचो आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचो. निधनाच्या बातम्या ती दोनदा वाचायला लावायची.

"एवढं काय ऐकायचं असतं त्यात?" मी विचारायचो.

"आपलं नाव तर नाही ना आलं, ते बघते," ती म्हणायची. "आणि मोठ्यानं वाच छोट्या. शब्द गिळू नकोस."

माझी सत्तरी उलटली तरी तिच्यासाठी मी छोट्याच.

तिनं आमच्याकडे राहायला यावं म्हणून मी आणि सूनबाईनं पुष्कळ सांगून पाहिलं. पण आमच्याकडे तरी जागा कुठे होती? दोन खोल्या. मुलगा, सून, नात आणि मी. मी जिथे झोपतो ती खरं म्हणजे येण्याजाण्याची वाट. "मी आले तर तुला पायरीवर झोपावं लागेल," अक्का म्हणायची. "त्यापेक्षा रस्ता काय लांब आहे?"

लांब नव्हताच.

रस्त्यावरचं डांबर कधीच उखडलं होतं, नुसते खड्डे उरले होते. निवडणूक जवळ आली तसा दोन्ही प्रभागांच्या नगरसेवकांनी निधी आणला. आमच्या बाजूचा नगरसेवक अंगानं भरलेला, बोलायला गोड. त्याला सगळे पाठीमागे 'बघूया' म्हणतात, कारण काहीही सांगितलं की तो छातीवर हात ठेवून म्हणतो, "बघूया." समोरच्या बाजूच्या नगरसेविकेला सगळे बाई म्हणतात. त्या आधी शिकवण्या घ्यायच्या, त्यामुळे कुणाशीही बोलताना हातात खडू असल्यासारखं बोलतात. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. त्यामुळे दोघांनी एकत्र एक रस्ता करण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यानं त्यानं आपापला अर्धा रस्ता केला.

आधी आमच्या बाजूचा ठेकेदार आला. त्यानं आमच्या गटारापासून टेप लावली, कागदावरच्या रुंदीच्या निम्मं माप घेतलं, तेवढं काँक्रीट टाकलं आणि गेला. मग काही दिवसांनी बाईंचा ठेकेदार आला. त्यानं त्यांच्या गटारापासून टेप लावली, निम्मं माप घेतलं, काँक्रीट टाकलं आणि तोही गेला. दोघांच्या मापात काही खोट नव्हती. फक्त कागदावरची रुंदी जुनी होती. मध्यंतरी जुनी गटारं बुजवून नवी गटारं घरांना चिकटून काढली होती, त्यात रस्ता रुंद झाला होता आणि कागद होता तेवढाच राहिला होता. मधोमध एक पट्टी उरली. एखादी खाट मावेल एवढी रुंद, आणि रस्ता जाईल तिथवर लांब. दोन्हीकडे हातभर उंच नवंकोरं काँक्रीट आणि मध्ये जुनी खडी, चिखल, प्लास्टिक आणि झोपलेली कुत्री.

पहिले काही दिवस सगळे हसले. आमच्या शेजारचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून म्हणाला, "नगरपालिकेनं रस्त्याचा भांग पाडलाय. आता तेल तेवढं लावायचं राहिलं."

अक्कानं एकदा ओलांडायचा प्रयत्न केला. काँक्रीटच्या कडेवरून तिनं काठी खाली टेकवली, ती खडीत रुतली आणि अक्का तिथेच अडकून उभी राहिली. पुढेही येईना, मागेही जाईना. दोन्ही बाजूंनी स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. सलूनवाला हातातलं काम टाकून धावला, त्यानं तिला उचलूनच तिच्या दारात नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून ती दाराबाहेर पडली नाही. "मला कुणी पोत्यासारखं उचललेलं आवडत नाही," एवढंच म्हणाली.

मी जात राहिलो. कडेवर बसायचं, पाय खाली सोडायचे, पट्टीत उभं राहायचं, मग पलीकडच्या कडेवर हात टेकून चढायचं. गुडघे कुरकुरायचे, पण जमायचं. एका सकाळी मात्र पेपर काखेत आणि सूनबाईनं दिलेला डबा हातात असताना पाय सरकला. डबा वाचवायला गेलो आणि मनगट गेलं.

मी प्लास्टर घालून घरी आलो, आणि संध्याकाळी मुलगा कामावरून आला. तो मालवाहू गाडीवर ड्रायव्हर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या शिव्या खाऊन येतो. हात धुतले, जेवला आणि मग म्हणाला, "आबा, आता पलीकडे जायचं नाही. संध्याकाळी मी आलो की मी नेईन तुम्हाला."

"रोज?"

"रोजच."

त्यानं शब्द दिला तो मनापासून. दोन-तीनदा नेलंही, पाठीशी हात लावून, लहान पोराला चालवतात तसं. मग एक दिवस गाडी उशिरा आली, एक दिवस त्याला ताप होता, एक दिवस तो भिंतीला टेकून बसला आणि बसल्या बसल्या झोपला. मी त्याला उठवलं नाही. अक्काचा डबा सूनबाई धावत जाऊन देऊन यायची. पण तिला घरची कामं, शिवाय दुपारी कारखान्यात पॅकिंगला जायचं असायचं. पेपर वाचायला ती कुठून थांबणार?

मग आम्ही एक उद्योग सुरू केला. सकाळी अक्का तिच्या दारात बसायची, मी माझ्या पायरीवर, आणि मी ओरडून बातम्या सांगायचो.

"छोट्या! आज काय?"

"पाणीपट्टी वाढणार!"

"काय वाढणार?"

"पाणीपट्टी!"

मध्ये टेम्पो यायचा. टेम्पो गेला की ती विचारायची, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं!" सलूनवाला आतून ओरडायचा. "सगळे जिवंत आहेत, अक्का! निवांत बसा!"

रस्ताभर लोक हसायचे. मीही हसायचो. पण थोड्या दिवसांनी घसा बसला. अक्काचा कान काही मोठासा चांगला नाही. तिला अर्धं ऐकू यायचं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी ती मान पुढे काढून माझ्याकडे बघत राहायची. मी तिला नुसता एक ठिपका दिसत असणार. एक दिवस तिनं विचारलंच नाही. मी पेपर हातात घेऊन बसलो होतो, ती गुडघ्यावर हात ठेवून समोर बसली होती. त्या दिवशी मी ठरवलं की नगरपालिकेत जायचं.

बघूयाचं ऑफिस आमच्याच बाजूला. माझं प्लास्टर पाहून तो हळहळला, त्यानं चहा मागवला.

"आबा, माझ्या हद्दीतला रस्ता बघा तुम्ही. एक तडा दाखवा."

"तडा नाही. पण मधल्या पट्टीचं काय?"

"ती पट्टी बाईंच्या बाजूला झुकलेली आहे."

"निम्मी तरी तुमची असेल."

त्यानं छातीवर हात ठेवला. "बघूया."

बाईंकडे जायचं म्हणजे पट्टी ओलांडायला हवी होती. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मुलानं नेलं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मला समजावलं, "हे बघा आबा, मी माझं काम मंजूर मापाप्रमाणे पूर्ण केलंय. पूर्ण म्हणजे पूर्ण. आता एक वीतभर जरी जास्त टाकलं, तर लेखापरीक्षणात मला विचारतील की ही वीत कुठून आली. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं ते सांगा बरं."

मुलगा बाहेर आल्यावर इतका हसला की मलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांत तो हसला नव्हता.

मग मी थेट नगरपालिकेत गेलो आणि जातच राहिलो. बांधकाम विभागाच्या बाहेर एक बाक आहे. तिथला शिपाई मला ओळखायला लागला. "पट्टीवाले आबा आले," असं आत सांगायचा. साहेब जागेवर नसायचे, आणि असले तर मीटिंगमध्ये असायचे. साहेब म्हणजे ज्युनियर इंजिनिअर, तरुण माणूस, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. शेवटी तो एकदा सापडला आणि त्याला माझी दया आली की कंटाळा आला ते माहीत नाही, पण पाहणी करायला येतो म्हणाला. आणि खरंच आला.

पाहणीला बघूया आला, बाई आल्या, दोघांची चार-चार माणसं आली. बघूया आमच्या काँक्रीटवर उभा, बाई त्यांच्या काँक्रीटवर, आणि इंजिनिअर मध्ये पट्टीत, पँट वर खोचून. टेपचं एक टोक इकडे, एक तिकडे. समोर अक्का दारात बसली होती. तिला कळेना की गर्दी कसली. तिनं विचारलं, "कोण गेलं रे?"

इंजिनिअरनं दोनदा माप घेतलं, नकाशा उलगडला, परत घडी घातली.

"दोन्ही कामं बरोबर आहेत," तो म्हणाला.

"मी तेच म्हणतोय," बघूया म्हणाला.

"मीही," बाई म्हणाल्या. त्या दोघांचं एकमत झालेलं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

"मग ही पट्टी कुणाची?" मी विचारलं.

"तोच प्रश्न आहे. नकाशावर हद्द म्हणून रेषा आहे. एका बाजूला एक प्रभाग, दुसऱ्या बाजूला दुसरा. ही पट्टी म्हणजे ती रेषा. आणि रेषेला रुंदी नसते."

"साहेब, मी त्या रेषेत पडलोय," मी हात वर करून प्लास्टर दाखवलं.

सलूनवाल्याच्या दारातले सगळे हसले. इंजिनिअर हसला नाही. पट्टीतून वर चढायला त्यालाही एकाचा हात धरावा लागला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, प्रभागाचा निधी इथे लावता येत नाही. खर्चाच्या दुसऱ्या कुठल्या शीर्षात बसतंय का ते पाहतो. थोडा धीर धरा."

तो खरंच पाहत होता. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घेतलाय, असं शिपायानंच मला सांगितलं. सभेला लोकांना बसायला मागे खुर्च्या असतात. मी जाऊन बसलो. वर पंखे कुरकुरत होते. माझ्या शेजारचा माणूस कुठल्या तरी दिव्याच्या खांबासाठी आला होता आणि घोरत होता. एक कारकून विषय वाचत होता, न थांबता, एका सुरात, आणि प्रत्येक विषयाच्या शेवटी समोरून "मंजूर, मंजूर" असा आवाज येत होता. काही जण मोबाइलमध्ये बघत "मंजूर" म्हणत होते. विषय काय होता हे त्यांना घरी गेल्यावर कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, देव जाणे.

माझा विषय जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर आला. "दोन प्रभागांच्या सीमेवरील रस्त्यावरच्या मधल्या पट्टीचा, शहर निधीतून विकास करणे." कारकुनानं पान उलटायच्या आत बघूया म्हणाला, "मंजूर." बाई म्हणाल्या, "मंजूर." सभागृह म्हणालं, "मंजूर." सगळे भुकेले होते.

विकास म्हणजे काय करणार, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला काँक्रीटच ऐकू आलं होतं. बाहेर बघूयानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झालं ना आबा तुमचं काम?"

मी घरी आलो तो पायरीवर न बसता रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

"अक्का! मंजूर झालं!"

"बघूया तर नाही ना म्हणाला?"

"नाही! मंजूर म्हणाला!"

अक्का काठी टेकून उठली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा उठून उभी राहिली. "मग मला न्यायला कुणी यायचं नाही," ती ओरडली. "रस्ता झाला की मी माझी येईन. तुझ्या पायरीवर बसेन. सूनबाईला सांग, चहा टाक म्हणावं!"

सूनबाई आतून म्हणाली, "आत्याबाईंना म्हणावं, दोन टाकते."

काम सुरू झालं ते कडेचे दगड येऊन. दोन्ही काँक्रीटच्या कडांना लागून दगडांच्या ओळी बसल्या. मला वाटलं आता मध्ये भर पडणार आणि वर काँक्रीट. भर पडली. पण ती मातीची होती, काळी, भुसभुशीत. मग पाण्याचा टँकर आला. मग एका गाडीतून लोखंडी जाळ्या उतरल्या, माणसाच्या छातीएवढ्या उंच, वरून टोकदार.

मी सलूनवाल्याकडे बघितलं. तो हातातली कात्री तशीच धरून दारात उभा होता.

"आबा," तो म्हणाला, "मला वाटतं हे दुभाजकाचं काम आहे."

"कशाचं?"

"डिव्हायडर. मध्ये झाडं लावतात ते."

"आपल्या रस्त्याला?"

"आता अक्काला भेटायला तुम्हाला पासपोर्ट लागणार," तो म्हणाला. पण या वेळी त्यालाही हसू आलं नाही.

इंजिनिअर दुपारी आला तेव्हा मी त्याला गाठलं. त्यानं मला पाहिलं आणि आधीच मान खाली घातली.

"साहेब, मी रस्ता मागितला होता."

"मलाही काँक्रीटच टाकायचं होतं, आबा. पण काँक्रीट म्हणजे रस्ता, आणि रस्त्याला प्रभाग लागतो. झाडांना प्रभाग लागत नाही. शहर सुशोभीकरणात पैसे पडून होते, वर्ष संपायच्या आत खर्च व्हायला हवे होते. एवढंच बसत होतं."

"मग ओलांडायला जागा तरी ठेवा. एक माणूस जाईल एवढी. माझ्या दारासमोर."

"मध्ये जागा ठेवली की स्कूटरवाले तिथून वळतात. वाहतूकवाले ऐकत नाहीत. पाण्याच्या टाकीपाशी ठेवलीय ना जागा."

टाकी रस्त्याच्या शेवटी आहे. धडधाकट माणसाला काही वाटणार नाही. मी एकदा चालून पाहिलं होतं. वाटेत दोनदा बसावं लागलं होतं, आणि तेव्हा मनगट चांगलं होतं. अक्काला तर टाकी आहे की पाडली, हेही माहीत नसेल.

बघूयाला सांगितलं, तो म्हणाला, "बघूया." बाई म्हणाल्या, "आबा, जरा धीर धरा. फुलं लागली की किती छान दिसेल." त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. त्यांना खरंच छान दिसत होतं.

जाळ्या बसवायचं कामही दोघांत वाटलं होतं. बघूयाचा माणूस रस्त्याच्या एका टोकानं निघाला, बाईंचा माणूस दुसऱ्या टोकानं. दोघं वेल्डिंग करत करत एकमेकांकडे सरकत होते आणि भेटणार होते ते आमच्या घराच्या थोडंसंच पुढे. मुलगा रोज कामावर जाताना त्या जाळ्यांकडे बघायचा आणि गाडीची किल्ली मुठीत आवळून निघून जायचा. एकदा म्हणाला, "मी आठवड्यातून एकदा नेईन तुम्हाला टाकीवरून. गाडीत बसवून."

"तुझ्या मालकाच्या गाडीत?"

तो किल्ली खिशात टाकून बाहेर पडला. मी उगाच बोललो असं मला वाटलं.

शेवटी एका दुपारी एकच जाळी बसायची राहिली. दोन्ही वेल्डर जेवायला बसले होते, आमच्या पायरीच्या सावलीत. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी म्हणून सूनबाई घरी होती, तिनं त्यांना पाणी दिलं. समोर मोकळी जागा होती, दरवाजाएवढी, आणि तिच्यातून सरळ अक्का दिसत होती. दारात बसलेली. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं नेसलेली. वेल्डिंगचा, हातोड्याचा आवाज ती सकाळपासून ऐकत होती. तिला तो रस्ता होत असल्याचा आवाज वाटत होता. तिला जाळी दिसत नव्हती, आणि कुणी सांगितलंही नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

आवाज थांबला तशी ती काठीला धरून उठली.

"झालं का रे छोट्या?" ती ओरडली. "येऊ का?"

दोन्ही वेल्डरांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"थांब अक्का," मी ओरडलो. "तू नको येऊस. मी येतो."

आत जाऊन मी माझं अंथरूण गुंडाळायला घेतलं. एका हातानं जमेना. सूनबाई दाराशी उभी होती.

"आबा, हे काय?"

"पलीकडे जातो."

"किती दिवस?"

मी अंथरुणाची दोरी दातांत धरली. तिनं अंथरूण माझ्या हातातून घेतलं, नीट गुंडाळलं, दोरी बांधली. मग माझ्या गोळ्या एका पिशवीत घातल्या, वर दोन सदरे घातले, टॉवेल घातला. सगळं करताना तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. "लोक म्हणतील सुनेनं घराबाहेर काढलं," ती म्हणाली.

"लोकांना सांग, नगरपालिकेनं काढलं."

"आणि ती शाळेतून आली की तिला काय सांगू?" ती म्हणजे माझी नात.

सूनबाई डोळे पुसत आत गेली, आणि परत आली ती माझी चप्पल घेऊन.

वेल्डरांचं जेवण झालं होतं. त्यातला एक जाळी उचलून उभा होता. मला अंथरूण घेऊन आलेलं पाहून त्यानं जाळी परत खाली टेकवली. "आजोबा, नक्की कुठल्या बाजूला? इकडे की तिकडे? एकदा डाग दिला की मला काढता येणार नाही."

"तिकडे."

त्यानं आणि दुसऱ्यानं मिळून मला दगडावरून मातीत उतरवलं आणि मातीतून पलीकडे चढवलं. माती मऊ होती. पाय आत गेला. अंथरूण आणि पिशवी सूनबाईनं मागून दिली. मी समोरच्या काँक्रीटवर उभा राहिलो आणि पाठीमागे ठिणग्या उडायला लागल्या. मी वळून पाहिलं नाही.

अक्का अजून उभीच होती. जवळ गेल्यावर तिला अंथरूण दिसलं.

"कुठे निघालास?"

"तुझ्याकडे आलोय. राहायला."

"रस्ता झाला ना?"

"नाही झाला." मी तिला सांगितलं. दगड, माती, जाळी, झाडं, टाकीपाशी ठेवलेली जागा. ती ऐकत होती. मध्ये एकदाही मोठ्यानं बोल म्हणाली नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, "मग मला का म्हणालास मंजूर झालं?"

"झालं होतं. पण कशाला ते कुणी विचारलं नाही."

ती खाली बसली. काठीवरून हात फिरवत राहिली. मग हसली की खोकली, ते मला कळलं नाही. "मी केस विंचरून बसले होते," ती म्हणाली.

संध्याकाळी मुलगा आला. सूनबाईनं त्याला सांगितलं असणार, कारण तो घरात न जाता सरळ जाळीपाशी आला. मी बाहेर गेलो. मध्ये काळी माती, दोन्हीकडून गाड्या, आणि आम्ही दोघं. आवाज करून बोलावं लागत होतं, सकाळच्या बातम्यांसारखं.

"आबा, चला घरी. मी टाकीवरून येतो, तुम्हाला घेऊन जातो."

"आणि उद्या सकाळी?"

तो जाळीला धरून उभा राहिला. नात त्याच्या पायाशी येऊन थांबली होती, जाळीतून बघत होती. मी हात हलवला. तिनंही हलवला.

"मी उद्या सुट्टी टाकतो," मुलगा म्हणाला. "नगरपालिकेत जातो. तुमच्यासारखा बाकावर नाही बसणार. सरळ आत जातो."

"जा."

"एक फाटक तरी मागतो."

"माग."

त्याच्या मागून एक गाडी हॉर्न देत आली, त्याला बाजूला व्हावं लागलं. बाजूला झाला तो तसाच घराकडे गेला, नातीला खांद्यावर घेऊन.

मी आत आलो. अक्कानं तेवढ्यात तिची पत्र्याची पेटी ओढून कोपऱ्यात लावली होती. खोली लहान होती, तरी माझ्या अंथरुणापुरती जागा निघाली. तिनं हातानं चाचपून ती मापली.

"भिंतीकडे तू झोप," ती म्हणाली. "मला रात्री उठावं लागतं. तुझ्यावर पाय पडेल. आणि उशी एकच आहे, ती मला लागते."

"टॉवेल आहे माझ्याकडे."

"मग झालं तर."

मी टॉवेलची घडी करून डोक्याखाली घेतली. मनगट ठणकत होतं. बाहेर कुणीतरी टँकरनं मातीला पाणी घालत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. अक्का म्हणाली, "दार लोटून घे, चिखल उडेल," आणि मी परत उठलो.